हाडांच्या बाह्यरुग्ण विभागाचा वर्षभराचा अनुभव

नाशिकमधील एका मोठ्या खाजगी रुग्णालयात गेल्या वर्षभरात मी ज्या सेवा घेतल्या त्यांचे दोन भाग आहेत, आणि दोन्हींना मिळून एकच गुण देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पहिला भाग म्हणजे पन्नाशीनंतरच्या महिलांसाठी म्हणून विकले जाणारे तपासणीचे पॅकेज. ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरा भाग म्हणजे त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आठवड्यातून दोन दिवस चालणारा हाडांच्या आजारांचा बाह्यरुग्ण विभाग. तिथे जे मिळाले त्यासाठी मी पुन्हा पैसे मोजीन. गंमत अशी की पहिल्याची जाहिरात लिफ्टमध्येसुद्धा लावलेली आहे आणि दुसरा विभाग मात्र शोधत जावे लागते.

माझी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच बेतलेले आहेत. माझे वय चौसष्ट, वजन चोपन्न किलो. पाळी सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली. आईचे खुब्याचे हाड मोडले होते आणि त्यानंतर ती कधीच स्वतःच्या पायांनी जिना उतरली नाही. थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला, उपचार झाले आणि आता ती बरी आहे. मला स्वतःला सात वर्षांपूर्वी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. याखेरीज रक्तदाबाची गोळी, थायरॉईडची गोळी आणि वर्षानुवर्षे सोबत असलेले आम्लपित्त. आमच्या वयाच्या बायकांच्या फाईली बहुधा अशाच जाड असतात आणि हाडांचे औषध त्या जाडीत कुठे बसवायचे हाच खरा प्रश्न असतो.

सुरुवात आमच्या सोसायटीतल्या मोफत शिबिराने झाली. टाचेला जेल लावून ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजणी केली गेली आणि हातात लाल पट्ट्यावर खूण केलेला कागद आला. अशा यंत्राचा आकडा डेक्सा तपासणीच्या, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीच्या, आकड्याशी थेट ताडून पाहता येत नाही आणि केवळ त्यावरून ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या आजाराचे, निदानही करत नाहीत, हे मला नंतर समजले. त्या दिवशी मात्र घाबरून मी पॅकेजचे पैसे भरले.

पॅकेजमध्ये डेक्सा होती, हे त्याचे एकमेव समर्थन. बाकी यादी लांबलचक होती आणि तिच्यात अंडाशयाच्या कर्करोगासाठी सीए-१२५ ही रक्ततपासणीही होती. काही लक्षण नसताना आणि घराण्यात तसा इतिहास नसताना ही चाचणी चाळणी म्हणून करू नये, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे, कारण आकडा थोडा वाढलेला निघाला की सोनोग्राफी, पुन्हा रक्त, पुन्हा सोनोग्राफी असा फेरा सुरू होतो आणि त्यातून आयुष्य वाढल्याचे दिसलेले नाही. उलट जी चाचणी हवी होती, म्हणजे मणक्यांचा बाजूने काढलेला साधा एक्स-रे, ती पॅकेजमध्ये नव्हती. आहारतज्ज्ञांच्या छापील कागदावर ब्रोकोली, टोफू आणि बदाम होते. नाचणी आणि तीळ नव्हते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलीग्रॅम कॅल्शियम असते, आणि नाशिक जिल्ह्यातच नागली पिकते, हे त्या कागदाला ठाऊक नसावे. शेवटी समुपदेशन म्हणून जे झाले ते चार मिनिटांत आटोपले: ‘हाडे ठिसूळ आहेत, आठवड्याची गोळी लिहून देतो, सहा महिन्यांनी भेटा.’ माझ्या गुठळीविषयी, पित्ताविषयी किंवा थायरॉईडविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही. पॅकेजला पाचापैकी एक गुण, तोही डेक्सा करणाऱ्या तंत्रज्ञ मुलीमुळे, जिने पाय आतल्या बाजूला वळवून पट्ट्याने नीट बांधला आणि हलू नका काकू, नाहीतर खुब्याचे माप चुकेल, असे दोनदा बजावले.

ती गोळी सुरू न करता तिची चिठ्ठी घेऊन मी तिसऱ्या मजल्यावरील विभागात गेले. तिथल्या डॉक्टर अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञ आहेत. पहिली भेट चाळीस मिनिटांची होती आणि त्यातली पहिली पंधरा मिनिटे त्यांनी अहवालाकडे पाहिलेच नाही. त्यांनी मला भिंतीला टेकवून उभे केले, पट्टीने उंची मोजली आणि तरुणपणी किती होती असे विचारले. बँकेत रुजू होतानाच्या वैद्यकीय दाखल्यावर १५६ सेंटिमीटर लिहिलेले मला आठवत होते. भिंतीवरचा आकडा १५१.५ आला. साडेचार सेंटिमीटर कुठे गेले हे पाहण्यासाठी पाठीचा एक्स-रे काढला, तेव्हा छातीच्या शेवटच्या मणक्याची पुढची कड दबलेली दिसली. हा जुना अस्थिभंग होता आणि तो कधी झाला याचा मला पत्ताही नव्हता. दोन वर्षांपूर्वी गव्हाचा डबा उचलताना पाठीत चमक भरली होती आणि महिनाभर मलम चोळले होते, ते कदाचित तेच असावे.

त्यानंतर त्यांनी डेक्साचा अहवाल उलगडून दाखवला, आणि हा भाग मला या सेवेचा गाभा वाटतो. माझ्या कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण स्त्रीच्या हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे १.९ होता, तर खुब्याच्या मानेचा उणे २.७. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या निकषांनुसार उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस मानतात. मग मणके बरे आहेत असे समजायचे का, असे मी विचारले. तसे नसते. या वयात मणक्यांच्या कडांना हाडाची वाढ होते, महाधमनीत चुना साठतो, आणि ते सगळे यंत्राला घनताच दिसते. दबलेला मणकासुद्धा कागदावर घट्ट दिसतो. शेफील्ड विद्यापीठात तयार झालेली आणि २००८ पासून उपलब्ध असलेली फ्रॅक्स ही गणकपद्धती त्यांनी संगणकावर भारताचे कोष्टक निवडून भरली. तिच्यात वय, वजन, पूर्वीचा अस्थिभंग, आई किंवा वडिलांचा खुब्याचा अस्थिभंग, धूम्रपान, स्टेरॉइडची औषधे इत्यादींवरून पुढील दहा वर्षांतील धोका निघतो. पण मणका आधीच दबला असेल तर उपचार द्यायचा की नाही हा प्रश्न संपतो आणि कोणता हा प्रश्न उरतो, असे त्या म्हणाल्या.

मी घरून ठरवूनच गेले होते की रॅलॉक्सिफेन मागायचे. बहिणीच्या आजारामुळे ते औषध मला दुहेरी कामाचे वाटत होते, कारण ते मणक्यांचे अस्थिभंग कमी करते आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही घटवते. डॉक्टरांनी ते मोडीत काढले नाही, पण दुसरी बाजू मांडली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील अभ्यासात या औषधाने स्तनाचा आक्रमक कर्करोग ४४ टक्क्यांनी कमी झाला, मात्र शिरांमधील गुठळ्या आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू वाढले, आणि हृदयविकाराच्या बाबतीत फायदा दिसला नाही. शिवाय खुब्याचा अस्थिभंग या औषधाने टळतो असे सिद्ध झालेले नाही आणि माझी कच्ची जागा तर खुबाच. ‘ताई, ज्या बाईला गुठळी होऊन गेली आहे तिला हे मी देणार नाही,’ इतके सरळ वाक्य मी गेल्या कित्येक वर्षांत कोणत्याही डॉक्टरकडून ऐकले नव्हते.

संप्रेरकांच्या उपचाराविषयीही मी विचारले, कारण व्हॉट्सॅपवर त्याविषयी एकाच आठवड्यात अमृत आणि विष असे दोन्ही निरोप आले होते. त्यांनी २००२ साली मुदतीआधी थांबवलेल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकी अभ्यासाचे आकडे सांगितले. गर्भाशय असलेल्या १६,६०८ स्त्रियांच्या त्या अभ्यासात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही संप्रेरके एकत्र घेणाऱ्यांमध्ये, दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला खुब्याचे अस्थिभंग ५ ने कमी झाले, पण स्तनाचे कर्करोग ८, पक्षाघात ८, फुप्फुसातील गुठळ्या ८ आणि हृदयविकाराच्या घटना ७ ने वाढल्या. हे आकडे ऐकून घाबरायचे की हायसे वाटून घ्यायचे हे आपापल्या वयावर आहे. त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे माझ्यासारख्याच. ज्या बाईची पाळी नुकतीच गेली आहे, जिला रात्री घामाने उठून बसावे लागते आणि जी साठीच्या आत आहे, तिचा हिशेब वेगळा असतो आणि तिला हा उपचार हाडांसकट लाभदायक ठरू शकतो. माझी पाळी जाऊन सतरा वर्षे झाली होती, गुठळीचा इतिहास होता आणि बहीण होती. ते दार बंद झाले.

उरलेल्यांत आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी होती, म्हणजे खालच्या मजल्यावर चार मिनिटांत लिहिलेली तीच. ७० मिलीग्रॅमची ही गोळी सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. हे औषध स्वस्त आहे, खूप वर्षे वापरात आहे आणि पुष्कळ बायकांसाठी पहिली निवड तीच असते. पण ती अन्ननलिकेला चिकटून राहिली तर जखम करते, आणि माझी अन्ननलिका आधीच पित्ताने त्रासलेली. चिठ्ठीप्रमाणे गोळी सुरू केली असती तर महिनाभरात मीच ती बंद केली असती, हे मला माझ्या स्वभावावरून सांगता येते.

डेनोसुमॅब हे सहा महिन्यांनी एकदा पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली घ्यायचे इंजेक्शन मला सोयीचे वाटले होते, कारण ते मूत्रपिंडावर भार टाकत नाही आणि पोटाशी त्याचा संबंध नाही. इथे डॉक्टरांनी माझ्या पासपोर्टची चौकशी केली! मुलगी टोरांटोला असते आणि मी एकदा गेले की पाच-सहा महिने तिथेच असते, हे कळल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. हे इंजेक्शन वेळेवर घेतले तर उत्तम काम करते, पण लांबले किंवा थांबवले तर त्याचा परिणाम वेगाने ओसरतो, हाडाची झीज उसळी घेते आणि काही जणींचे एकाच वेळी अनेक मणके दबतात. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांचे डोस चुकत होते त्यांची काळजी त्यांना झोपू देत नव्हती, असे त्या म्हणाल्या. माझ्या बहिणीला मात्र हेच इंजेक्शन चालू आहे. कर्करोगासाठी ती लेट्रोझोल घेते, त्यामुळे शरीरातील उरलेसुरले इस्ट्रोजेनही घटते आणि हाडे झपाट्याने झिजतात. ती नाशिक सोडून कुठे जात नाही. तिला किरणोपचार झालेले असल्यामुळे हाड नव्याने घडवणारे टेरिपॅराटाइड तिच्यासाठी बाद, आणि रॅलॉक्सिफेन लेट्रोझोलबरोबर चालत नाही. एकाच आईच्या दोघी मुली, दोघींची हाडे सारखीच ठिसूळ, पण औषधे निराळी.

टेरिपॅराटाइड माझ्यासाठी राखून ठेवले आहे. रोज २० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन स्वतः टोचायचे, पेन फ्रीजमध्ये ठेवायचे, साधारण दोन वर्षांनी थांबायचे आणि कमावलेले टिकवण्यासाठी लगेच दुसरे औषध सुरू करायचे, अशी त्याची शिस्त आहे, आणि खर्चही मोठा आहे. आणखी एखादा मणका दबला तर तो विचार करू, असे ठरले. रोमोसोझुमॅब या आणखी एका इंजेक्शनचा उल्लेख केवळ होऊन गेला. अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना ते देऊ नये असा इशारा त्याच्यावर आहे.

अशा रीतीने वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे ५ मिलीग्रॅम झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड निश्चित झाले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांत मणक्यांचे नवे अस्थिभंग औषधाशिवाय १०.९ टक्के तर औषधाने ३.३ टक्के स्त्रियांना झाले, आणि खुब्याचे २.५ वरून १.४ टक्क्यांवर आले. खुब्याचा हा दुसरा आकडा ‘४१ टक्के घट’ असा सांगितला की फार भव्य वाटतो; शंभरातील एका बाईचा खुबा वाचला असा सांगितला की खरा वाटतो. डॉक्टरांनी मला दोन्ही प्रकारे सांगितला. त्याच चाचणीत हृदयाची लय बिघडण्याच्या गंभीर घटना ०.५ वरून १.३ टक्के झाल्या होत्या, नंतरच्या दुसऱ्या चाचणीत तसे आढळले नाही. तरीही त्यांनी ईसीजी काढून घेतला आणि थायरॉईडची रक्ततपासणी पुन्हा करवली. थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक, टीएसएच, फक्त ०.२ निघाले, म्हणजे मी कित्येक महिने थायरॉईडची गोळी गरजेपेक्षा जास्त घेत होते. जास्त झालेली ही गोळी हाडेही झिजवते आणि हृदयाची लयही बिघडवू शकते. पॅकेजमध्येही ही तपासणी झाली होती, आकड्यापुढे खूणही होती, पण ती कोणी वाचली नव्हती.

सलाईनच्या आधी तीन गोष्टी पार पाडायच्या होत्या. मूत्रपिंडासाठी रक्तात तपासतात ते माझे क्रिएटिनिन ०.९, म्हणजे अहवालाच्या मते निर्दोष, पण वय आणि वजन धरून मूत्रपिंडाची क्षमता काढली तेव्हा ती मिनिटाला सुमारे ५४ मिलीलिटर आली. ३५ च्या खाली हे औषध देत नाहीत. ड जीवनसत्त्व १४ होते; ते भरून न काढता औषध दिले तर रक्तातले कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरू शकते, म्हणून आठ आठवडे, आठवड्यातून एकदाच, साठ हजार युनिटची पुडी दुधातून घेतली. तिसरी गोष्ट दातांची. माझ्या एका दाढेचे मूळ आत राहिले होते. या औषधाने जबड्याचे हाड उघडे पडण्याचा विकार ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत अतिशय विरळ आहे, पण दात काढायचाच असेल तर आधी काढून जखम भरू द्यावी, असा साधा व्यवहार आहे. त्यात सहा आठवडे गेले. मांडीत किंवा जांघेत नवे दुखणे सुरू झाले तर लगेच कळवायचे, कारण दीर्घकाळच्या उपचारात क्वचित मांडीचे हाड वेगळ्याच पद्धतीने तडकते, हे त्यांनी फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दिले. तीन सलाईननंतर पुन्हा मोजून थांबायचे का ते ठरवू, हेही तिथेच लिहिलेले आहे.

आता तक्रारी. सलाईन तळमजल्यावरच्या डे-केअरमध्ये दिले जाते आणि तिसऱ्या मजल्यावरची काळजी तिथपर्यंत उतरत नाही. स्वागतकक्षातील मुलाने ‘आजी’ म्हटल्याचा मला राग नाही, मी आहेच आजी. पण दोन पेले पाणी पिऊन यायचे असते हे मला तिथे कोणीही सांगितले नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होते म्हणून मी प्यायले होते. हे औषध पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळात देऊ नये, कारण वेगाने दिले तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. डॉक्टरांनी माझ्यासाठी अर्धा तास लिहिला होता. सिस्टरने जेवणाची सुट्टी गाठण्यासाठी नळीवरची चाकी जवळजवळ पूर्ण सोडली. मी थेंब मोजायला लागले तर मोजताच येईनात, इतके ते धावत होते. सांगितल्यावर तिने चाकी आवळली, ‘काही होत नाही हो काकू’ असेही म्हणाली. चांगल्या सल्ल्याची अशी माती व्हायला पाच मिनिटे पुरतात. बिलाची दुसरी तक्रार: औषधाच्या बाटलीवरच्या छापील किमतीने पैसे घेतले गेले, तर बाहेरच्या औषधविक्रेत्याकडे दुसऱ्या कंपनीचे तेच औषध निम्म्याहून कमी किमतीत होते. बाहेरून आणण्याची परवानगी आहे का, हे आधी लेखी विचारावे.

त्या रात्री ताप १०१ पर्यंत चढला आणि दोन दिवस अंग कणकणले. पहिल्या खेपेला पुष्कळांना असे होते आणि पॅरासिटॅमॉल पुरते. याची कल्पना दिलेली असल्यामुळे घरात धावपळ झाली नाही.

फिजिओथेरपीच्या एका बैठकीचे पैसे मला सर्वांत जास्त वसूल झाल्यासारखे वाटतात. मी गेली नऊ वर्षे सकाळी सूर्यनमस्कार घालत होते आणि त्याचा मला अभिमान होता. मणका दबलेल्या बाईने कमरेतून पुढे वाकून ताण देणारे व्यायाम टाळावेत, म्हणून पादहस्तासन आणि पश्चिमोत्तानासन बंद झाले. त्याऐवजी खुर्चीवरून हात न टेकता उठणे, एका पायावर उभे राहणे आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम आले. माझ्या औषधांच्या यादीतली झोपेची अर्धी गोळी फिजिओथेरपिस्टनीच हेरली आणि डॉक्टरांना कळवली. रात्री उठताना झोक जाणे हे आमच्या वयात हाडाइतकेच खुब्याच्या मोडण्याला कारणीभूत असते. मोरीच्या दाराशी आता दिवा आहे आणि पायपुसणे नाही.

विभागाला मी पाचापैकी साडेचार गुण देते आणि डे-केअरला दोन. भेटीची वेळ मिळायला तीन आठवडे लागतात, फोन सहसा उचलला जात नाही, समक्ष जाऊन नाव लिहिलेले बरे. सोबत जुने एक्स-रे, सगळ्या औषधांची पाकिटे आणि पूर्वी गुठळी, पक्षाघात, कर्करोग किंवा मूत्रपिंडाचा आजार झाला असल्यास त्याचे कागद न्यावेत. माझ्या दुसऱ्या सलाईनची तारीख पुढच्या महिन्यात आहे. औषध बाहेरून आणण्याची परवानगी लेखी घेतली आहे, आणि सकाळी नऊची पहिली वेळ मागून घेतली आहे, म्हणजे जेवणाची सुट्टी आड येणार नाही.